ठाण्याच्या गच्चीवरून ताऱ्यांचे वर्णपट: सुरुवात कशाने करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर घर. जवळ १३० मिलिमीटर व्यासाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण, मोटर लावलेलं इक्विटोरियल माउंट आणि ग्रहांच्या फोटोंसाठी घेतलेला आयएमएक्स ४६२ सेन्सरचा छोटा रंगीत कॅमेरा. चंद्र, गुरू, शनी झाले. निहारिका आणि दीर्घिका इथल्या उजेडात हाती लागत नाहीत. आता ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्या, घ्यायचे आहेत. शहरातून ते जमेल का, त्यासाठी वर्णपट नोंदवणारा लाखभराचा स्पेक्ट्रोग्राफ लागेल का, पहिल्या रात्री नेमकं काय करायचं, आणि दुर्बीण बाल्कनीत लावायची की गच्चीवर?

जमेल, आणि चांगलं जमेल. स्पेक्ट्रोग्राफ मात्र आत्ता घेऊ नका. आहे त्या सामानात एका ग्रेटिंगची, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवणाऱ्या बारीक रेघांच्या काचेची, भर घातलीत की वर्षभर पुरेल एवढं काम आहे. ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यासाठी दुर्बिणीच्या छंदात याहून सोयीची शाखा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

निहारिकेचा फोटो घेताना तिचा पसरलेला, अंधुक प्रकाश आणि आभाळाचा उजळलेला पडदा यांची झुंज असते, आणि कासारवडवलीच्या आकाशात पडदाच जिंकतो. तेजस्वी ताऱ्याच्या बाबतीत ही झुंज फारशी उरतच नाही. व्याध, अभिजित, रोहिणी हे तारे रस्त्यावरच्या फ्लडलाइटच्या उजेडातही सहज दिसतात. शिवाय इथे वापरायच्या, स्लिट (अरुंद फट) नसलेल्या पद्धतीत आभाळाचा उजेड सेन्सरवर सगळीकडे जवळजवळ सारखाच पसरतो. वर्णपटाच्या पट्टीच्या वरचा आणि खालचा उजेड मोजायचा आणि वाणी रिकाम्या डब्याचं वजन वजा करतो तसा तो पट्टीतून वजा करायचा. वजाबाकीनंतर थोडा नॉइज मागे उरतो, त्यामुळे अंधुक ताऱ्यांना शहरात मर्यादा पडते. पहिल्या-दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्यांना (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) ती जाणवतही नाही.

घ्यायचं आहे ते एका मिलिमीटरला १०० रेघांचं ग्रेटिंग, सव्वा इंची फिल्टरच्या आट्यांच्या रिंगमध्ये बसवलेलं. ब्रिटनच्या पॅटन हॉक्सली कंपनीचं स्टार अ‍ॅनालायझर १०० जगभरचे हौशी निरीक्षक वापरतात. ते बाहेरून मागवावं लागलं तर कस्टम ड्युटी धरून पैसे बाजूला ठेवा. २०० रेघांचा भाऊही मिळतो, पण तो ग्रेटिंग आणि सेन्सर यांच्यात जागा कमी असलेल्यांसाठी; तुम्हाला १०० चाच बरा. शाळेच्या प्रयोगासाठी मिळणारी ५०० किंवा १००० रेघांची प्लॅस्टिकची फिल्म दुर्बिणीत लावू नका. तिच्यामुळे वर्णपट इतका पसरतो की छोट्या सेन्सरच्या बाहेर जातो, आणि फिल्म सपाट नसल्याने रेषा फिसकटतात. ती फिल्म दिवे बघायला मात्र उत्तम आहे. जुन्या सीडीचा तुकडाही चालतो, तिच्यात मिलिमीटरला सुमारे ६२५ रेघा असतात.

आता मुख्य गोष्ट, ग्रेटिंग आणि सेन्सर यांच्यामधलं अंतर. दुकानदार हे सांगत नाहीत आणि नवखे इथेच अडतात. हे अंतर वाढवलं की वर्णपट लांब होतो; कमी केलं की आखूड. गणित सोपं आहे. १०० रेघांच्या ग्रेटिंगमध्ये दोन रेघांमधलं अंतर एक लाख अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, तरंगलांबी यातच मोजतात). त्याला पिक्सेलच्या आकाराने गुणायचं आणि ग्रेटिंग ते सेन्सर या अंतराने भागायचं. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, म्हणजे ०.००२९ मिलिमीटर. अंतर ६० मिलिमीटर ठेवलं तर एका पिक्सेलला ४.८३ अँगस्ट्रॉम येतात. लाल टोकाकडची ७६०० अँगस्ट्रॉमची जागा ताऱ्याच्या बिंदूपासून ४.५६ मिलिमीटरवर पडते. सेन्सर ५.६ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे तारा डाव्या कडेला ठेवला की तारा आणि त्याचा वर्णपट दोन्ही एका चौकटीत बसतात. हे दोन्ही एकत्र दिसणं फार महत्त्वाचं, कारण ताऱ्याचा बिंदू हाच तुमचा शून्य अँगस्ट्रॉम. ८० मिलिमीटर अंतर घेतलंत तर लाल टोक सेन्सरबाहेर पडेल.

६० मिलिमीटर मिळवायला कॅमेऱ्याच्या नोजपीसला फिल्टरच्या आट्यांच्या सव्वा इंची स्पेसर नळ्या जोडा आणि त्यांच्या टोकाला ग्रेटिंग. नळ्या फोकसरच्या आत जाणाऱ्याच हव्यात. जाड बाहेरचा एक्स्टेन्शन लावला तर कॅमेरा बाहेर सरकतो आणि बहुतेक न्यूटोनियनमध्ये फोकसच लागत नाही. पहिल्यांदा दिवसा, फोकसर पूर्ण आत घेऊन, नळीचं टोक दुय्यम आरशाला लागत नाही ना हे समोरून डोकावून पाहा. तुमची दुर्बीण एफ/५ आहे (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट), म्हणजे सेन्सरच्या ६० मिलिमीटर आधी प्रकाशाचा शंकू १२ मिलिमीटर रुंद असतो. सव्वा इंची ग्रेटिंगमधून तो आरामात जातो. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावू नका.

ग्रेटिंग एका बाजूला जास्त उजेड टाकेल असं घडवलेलं असतं. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना इंद्रधनुषी पट्ट्या दिसतील, त्यातली एक ठळक. ती ठळक पट्टी स्क्रीनवर ताऱ्याच्या उजवीकडे आडवी, पिक्सेलच्या ओळीला समांतर येईपर्यंत ग्रेटिंग त्याच्या आट्यांवर फिरवा आणि लॉकिंग रिंगने पक्कं करा. मग शेजारचा एखादा तारा पट्टीवर बसत असेल तर पूर्ण कॅमेरा फोकसरमध्ये फिरवा, ग्रेटिंगला हात लावू नका. हा जोड एकदा जमला की तो सोडवायचा नाही. नोजपीस, नळ्या आणि ग्रेटिंग असेच एका डब्यात ठेवा. अंतर बदललं की सगळी मोजमापं पुन्हा करावी लागतात.

ज्यांच्याकडे मोटर नसलेली डॉब्सोनियन दुर्बीण आहे त्यांनीही मागे फिरू नये. वर्णपटाची पट्टी उत्तर-दक्षिण धरायची आणि तारा आपोआप पूर्व-पश्चिम सरकू द्यायचा. सरकण्याची दिशा पट्टीला काटकोनात येते, पट्टी रुंद होते आणि रेषा उलट जास्त स्पष्ट दिसतात. दुर्बीणच नसेल तर डीएसएलआरच्या ८५ मिलिमीटर लेन्सपुढे हेच ग्रेटिंग बसवून ट्रायपॉडवरून व्याधाचा वर्णपट निघतो. फक्त मूळ डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढचा फिल्टर गडद लाल प्रकाश बराच अडवतो, त्यामुळे हायड्रोजनची लाल रेषा फिकी पडते.

पहिला तारा अभिजित किंवा व्याध. दसरा-दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी अभिजित पश्चिमेला चांगला उंच असतो, डिसेंबरपासून व्याध. वर्णपटावरून ताऱ्यांचे वर्ग पाडतात; हे दोन्ही ए वर्गातले तारे, आणि हायड्रोजनच्या काळ्या रेषा याच वर्गात सर्वांत ठसठशीत असतात. असं का, हे कळलं की पुढचे सगळे वर्णपट वाचता येतात. दृश्य प्रकाशातल्या या रेषा उमटायला हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर असावा लागतो. मृग नक्षत्रातल्या काक्षीसारख्या (बीटलज्यूस) सुमारे ३,५०० केल्विनच्या ताऱ्यात बहुतेक इलेक्ट्रॉन तळाच्या पातळीवरच असतात, त्यामुळे हायड्रोजन भरपूर असूनही रेषा फिक्या. तापमान फार वाढलं तर इलेक्ट्रॉन अणू सोडूनच जातात, पुन्हा रेषा फिक्या. दहा हजार केल्विनच्या आसपास मात्र दुसऱ्या पातळीवर पुरेसे इलेक्ट्रॉन सापडतात. १९२० साली मेघनाद साहांनी आयनीभवनाचं समीकरण मांडलं आणि हार्वर्डच्या अ‍ॅनी जंप कॅनन यांनी लावलेल्या ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या क्रमाला भौतिकशास्त्राचा पाया मिळाला. त्याच समीकरणावरून १९२५ साली सेसिलिया पेन यांनी तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत हे दाखवलं. एका ग्रेटिंगने, ठाण्याच्या उजळ आकाशातून, अभिजित, स्वाती आणि काक्षी यांचे वर्णपट एकाखाली एक ठेवले की साहांचं समीकरण डोळ्यांसमोर उभं राहतं. मला आजही यात तेवढाच आनंद मिळतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जे जे ऑटो आहे ते बंद करा: एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, गॅमा, सगळं. फाइल १६ बिटची फिट्स (खगोल निरीक्षणात वापरतात तो फॉरमॅट) हवी. जेपीईजी आणि व्हिडिओचे दाबलेले फॉरमॅट आकड्यांची तोडमोड करतात, आणि वर्णपट म्हणजे शेवटी आकडेच. गेन कमी ठेवा. पट्टीतला सर्वांत उजळ भाग पूर्ण क्षमतेच्या साठ-सत्तर टक्क्यांवर येईल असं एक्सपोजर निवडा. ताऱ्याचा बिंदू जळून पांढरा झाला तरी हरकत नाही, पट्टी जळता कामा नये. अभिजितसाठी एक्सपोजर सेकंदाच्या अंशातच येईल, म्हणून पुष्कळ फ्रेम घ्या आणि नंतर एकावर एक रचा. झाकण लावून त्याच एक्सपोजरच्या डार्क फ्रेमही घ्या.

फोकस ताऱ्यावर करू नका, वर्णपटावर करा. ग्रेटिंगमुळे पट्टीचा फोकस ताऱ्याच्या बिंदूपेक्षा थोडा वेगळ्या जागी पडतो. स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि निळ्या-हिरव्या सीमेवरची हायड्रोजन बीटा रेषा बारीक आणि गडद होईपर्यंत फोकसर अगदी सावकाश फिरवा. ताऱ्याचा बिंदू किंचित फुगलेला दिसला तरी चालेल. सुरुवातीच्या बहुतेक वर्णपटांत रेषा दिसत नाहीत त्याचं कारण ग्रेटिंग नसून फोकस असतो. अर्धा तास फक्त याला द्या.

घरी आल्यावर सॉफ्टवेअर. आरस्पेक विकतचं आहे, पण तीस दिवस फुकट वापरता येतं आणि नवख्याला सर्वांत सोपं. बास हे एक आणि क्रिस्टियन बुईल यांनी लिहिलेलं आयसिस हे दुसरं, ही दोन्ही फुकट. शिकायला थोडा वेळ लागतो, पण पुढे आयसिसला पर्याय नाही.

वर सांगितलेल्या मांडणीत प्रत्यक्षात काय दिसतं ते आकड्यांनी दाखवतो. समजा अभिजितचा बिंदू १०० क्रमांकाच्या पिक्सेलवर आहे. उजवीकडे सरकत गेलात की सॉफ्टवेअरने काढलेल्या, पिक्सेलगणिक उजेडाच्या आलेखात एकामागून एक खड्डे लागतील. त्यांतला एक ठळक खड्डा १,१०६ वर. ही हायड्रोजन बीटा, तरंगलांबी ४८६१ अँगस्ट्रॉम. बिंदूपासून अंतर १,००६ पिक्सेल, म्हणजे पिक्सेलमागे ४.८३ अँगस्ट्रॉम. झालं कॅलिब्रेशन. आता ते पडताळा. हायड्रोजन गॅमा ४३४० वर असते, ती ९९८ च्या आसपास दिसली पाहिजे. लाल हायड्रोजन अल्फा ६५६३ वर, तिची जागा १,४५८. आणि १,६७४ च्या जवळ एक खोल, तिरकस काठाचा खड्डा दिसेल. तो अभिजितचा नाही. तो आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा, ७६०० च्या थोडं पुढे, आणि प्रत्येक ताऱ्याच्या वर्णपटात त्याच जागी सापडतो. दोन-तीन पिक्सेलचा फरक चालतो. दहाचा फरक पडला तर बहुतेक वेळा रेषा ओळखण्यात गल्लत झालेली असते, किंवा ताऱ्याच्या जळलेल्या बिंदूचा मध्य नीट धरलेला नसतो. ७६०० च्या पुढचा भाग सोडून द्या. तिथे दुसऱ्या क्रमाच्या, म्हणजे ग्रेटिंग त्याच बाजूला दुप्पट पसरवून टाकतं त्या फिकट वर्णपटाचं निळं टोक येऊन मिसळतं.

हवेबद्दल एक गोष्ट इथल्या माणसाच्या लगेच लक्षात येईल. ७२०० च्या आसपास पाण्याच्या वाफेचा एक रुंद खड्डा असतो. जानेवारीच्या कोरड्या रात्री तो उथळ असतो आणि मे महिन्यात, खाडीवरून दमट वारा येत असताना, चांगला खोल जातो. त्याच ताऱ्याचे दोन महिन्यांचे वर्णपट शेजारी ठेवून हे पाहा. नंतर युरेनसच्या वर्णपटात मिथेन शोधताना हे उपयोगी पडतं, कारण मिथेनचा ७२७० जवळचा पट्टा पाण्याच्या या खड्ड्याला चिकटून येतो. युरेनसवर खात्रीने बोट ठेवायचं तर ६१९० चा पट्टा पाहावा.

कॅलिब्रेशननंतरची पायरी पुष्कळ जण टाळतात, आणि तिथेच त्यांचं काम फोटोच्या पातळीवर अडकतं. कच्चा आलेख मध्यभागी फुगलेला आणि दोन्ही टोकांना उतरलेला दिसतो. ती फुगी ताऱ्याची नसते. सेन्सरची संवेदनशीलता, रंगीत कॅमेऱ्याचे लाल-हिरवे-निळे फिल्टर, ग्रेटिंगचा कल आणि वातावरण या सगळ्यांची मिळून ती बनते. या कच्च्या आलेखाचं शिखर पाहून ताऱ्याचं तापमान काढलं तर अभिजित आणि काक्षी दोघांचंही उत्तर जवळपास सारखंच येईल. उपाय असा: अभिजित ए० वर्गाचा आहे, आणि त्या वर्गाचा खरा वर्णपट पिकल्स यांच्या संग्रहात सॉफ्टवेअरबरोबरच मिळतो. तुमचा आलेख त्या संदर्भाने भागा, हायड्रोजनच्या रेषांजवळचे खाचखळगे पुसून वक्र गुळगुळीत करा. हा तुमच्या उपकरणाचा प्रतिसाद. यापुढे प्रत्येक ताऱ्याचा आलेख या वक्राने भागायचा. काक्षीचा आलेख मग लालकडे चढत जातो, टायटॅनियम ऑक्साइडचे पायऱ्यांसारखे पट्टे उघडे पडतात, आणि स्वातीचा त्या दोघांच्या मधे बसतो. संदर्भाचा तारा आणि तुमचा तारा आकाशात साधारण सारख्या उंचीवर असताना घ्या. ठाण्याच्या हिवाळी धुरक्यात क्षितिजाजवळचा निळा प्रकाश फार कमी होतो, आणि उंचीचा फरक असेल तर तो धुरका ताऱ्याच्या नावावर जमा होतो.

अपेक्षा कुठवर ठेवायची हेही सांगायला हवं. या मांडणीत तीस-पन्नास अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. तारा आपल्याकडे सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने येत असेल तर हायड्रोजन अल्फा जेमतेम ०.६६ अँगस्ट्रॉम सरकते. ते इथे मोजता येणार नाही, आणि परग्रहांचा शोध तर लांबच. मात्र ३सी २७३ या क्वासारमध्ये (क्वासार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र) हायड्रोजन बीटा ४८६१ वरून ५६३० च्या आसपास गेलेली असते. ही सरकलेली रेषा हायड्रोजनचीच आहे हे कोडं १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी सोडवलं. हे सरकणं शंभर रेघांच्या ग्रेटिंगनेही टिपता येतं आणि हौशी निरीक्षकांनी ते टिपलं आहे. क्वासार तेराव्या प्रतीच्या जवळ असल्याने त्यासाठी आठ इंची किंवा मोठी दुर्बीण घेऊन शहराबाहेर जावं लागेल.

पहिल्या हंगामात काय पाहावं, याबद्दल माझी आवड सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शर्मिष्ठेतला मधला तारा, गॅमा कॅसिओपिया. इतर ताऱ्यांत हायड्रोजन अल्फाचा खड्डा असतो, याच्यात त्याच जागी उंचवटा. ताऱ्याभोवती स्वतःच्याच वायूची तबकडी आहे आणि ती प्रकाशते. १८६६ साली अँजेलो सेक्की यांनी पहिल्यांदा हे पाहिलं, आणि अशा बी-ई (उजळ रेषा दाखवणाऱ्या बी वर्गातल्या) ताऱ्यांचा अभ्यास आजही हौशी मंडळी नियमित करतात.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, काहीही झालं तरी, गॅमा व्हेलोरम. हा वोल्फ-रायेट जातीचा (आपला वायू जोरात बाहेर फेकणारे अतितप्त तारे), दुसऱ्या प्रतीहून किंचित तेजस्वी, त्या जातीतला आकाशातला सर्वांत ठळक तारा. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो क्षितिजावर येतच नाही. ठाण्याच्या १९ अंश अक्षांशावरून तो दक्षिणेला २४ अंशांपर्यंत चढतो. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री नऊ-दहाला अगस्त्य ओळखा आणि त्याच्या डावीकडे थोडं वर या. घोडबंदरवाल्यांना दक्षिण-नैऋत्येला येऊरचे डोंगर आहेत. त्या बाजूचं आभाळ त्यातल्या त्यात काळं असतं आणि तारा डोंगराच्या बराच वरून जातो. त्याचा वर्णपट पहिल्यांदा स्क्रीनवर येतो तेव्हा सॉफ्टवेअरचीही गरज लागत नाही. काळ्या रेषांऐवजी इंद्रधनुष्यात उजळ गाठी दिसतात: निळ्यात ४६५० जवळ एक मोठी, पिवळ्यात ५६९६ आणि ५८०८ जवळ दोन, बहुतेक जोडून आलेल्या. तो सगळा कार्बन, ताऱ्यावरून प्रचंड वेगाने सुटलेल्या वाऱ्यातला. अशा जातीचा तारा शहरातल्या गच्चीवरून सव्वा इंची ग्रेटिंगने पाहता येतो, ही आपल्या अक्षांशाची देणगी आहे आणि ती वाया घालवू नये.

उन्हाळ्यात स्वाती, ज्येष्ठा, आणि कार्बनचे पट्टे दाखवणारा ला सुपर्बा. एवढं पुरे.

बाल्कनी की गच्ची, हेही विचारलं आहे. शक्य तेव्हा गच्ची. बाल्कनीतून आकाशाची एक पट्टीच मिळते, आणि भिंतीतून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमधून निघणाऱ्या गरम हवेने तारा थरथरतो. स्लिट नसलेल्या पद्धतीत ताऱ्याचा बिंदू हीच स्लिट, त्यामुळे तो जेवढा फुगेल तेवढ्या रेषा पुसट होतात. गच्चीचा स्लॅबही दिवसभर तापलेला असतो. एप्रिल-मेमध्ये अकरानंतरच कामाला लागा. सेक्रेटरींशी आधी बोलून ठेवा, वॉचमनलाही कल्पना द्या, आणि पाण्याच्या टाकीवरचा दिवा तेवढा वेळ बंद ठेवता येतो का विचारा. मुलांना एकदा पट्टी दाखवलीत की परवानगीचा प्रश्न सहसा पुन्हा येत नाही.

पावसाळ्याचे चार महिने दिव्यांवर खर्च करा. सीडीच्या तुकड्याने किंवा प्लॅस्टिकच्या ग्रेटिंगने घरातला जुना सीएफएल पाहा: पाऱ्याच्या ४३५८ आणि ५४६१ च्या रेषा सुट्या दिसतील. शेजारी एलईडी पाहा: निळ्यात एक उंचवटा आणि पुढे सलग पट्टा. इलेक्ट्रिशियनच्या टेस्टरमध्ये निऑनचा दिवा असतो. त्याच्या पिवळ्या-लाल रेषांची दाटी पुढे स्लिट असलेल्या उपकरणाचं कॅलिब्रेशन करताना थेट कामाला येते. ग्रेटिंग आणि कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत काचेवर बुरशी आलीच म्हणून समजा.

पुढची पायरी कोणती? मी आधी सूर्याकडे वळायला सांगेन. बुईल यांनी तयार केलेलं सोल-एक्स हे स्पेक्ट्रोहेलिओग्राफ (एकाच रेषेच्या प्रकाशात सूर्याचं चित्र घेणारं उपकरण) थ्रीडी प्रिंटरवर छापता येतं. स्लिट, २४०० रेघांचं ग्रेटिंग आणि भिंगं यांचा संच विकत मिळतो. छोट्या रिफ्रॅक्टरला लावून हायड्रोजनच्या प्रकाशातला सूर्य दिवसाढवळ्या, गच्चीवरून. सूर्यासाठी दिलेल्या फिल्टरच्या सूचना अक्षरशः पाळा आणि डोळा दुर्बिणीजवळही नेऊ नका. स्लिट, बारीक रेषा, सगळं इथे शिकून होतं, आणि नंतर ताऱ्यांसाठी अल्पी ६०० सारखा स्पेक्ट्रोग्राफ घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्हाला कळतं. तो संच गाइडिंगसकट (तारा स्लिटवर धरून ठेवण्याची सोय) लाखांच्या घरात जातो आणि त्याला माउंटही मजबूत लागतं.

सूर्यावरून आठवलं. विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे दाखवून हेलियमचा शोध तिथे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने लावला असं आपल्याकडे सांगतात. ते खरं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला होते. लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हते, त्यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेवरची हेलियमची ५८७६ ची पिवळी रेषा टिपली. ओट्यांना भेट जरूर द्या. तीच रेषा सोल-एक्सने सूर्याच्या कडेवर आपल्याला घरून पाहता येते.

शेवटी एक काम लगेच करून ठेवण्यासारखं. उत्तर मुकुटातला टी कोरोना बोरिअ‍ॅलिस हा पुनरावर्ती नोव्हा (पुन्हा पुन्हा अचानक उजळणारा तारा) १८६६ आणि १९४६ साली उफाळला होता, आणि सुमारे ऐंशी वर्षांचा फेरा पाहता जगभरचे निरीक्षक त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. एरवी तो दहाव्या प्रतीचा, उफाळला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा. १८६६ मध्ये विल्यम हगिन्स यांनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या उजळ रेषा पाहिल्या होत्या. ठाण्यात तो जवळजवळ डोक्यावरून जातो. त्याच तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी तारा अल्फेका ए० वर्गाचा आहे, म्हणजे संदर्भाचा तारा त्याच्या शेजारीच, जवळपास त्याच उंचीवर. मार्च ते मेच्या एखाद्या स्वच्छ रात्री अल्फेकाचा वर्णपट घ्या, त्यावरून प्रतिसादाचा वक्र काढून सेव्ह करा आणि स्पेसरचा जोड तसाच ठेवा. नोव्हाची बातमी आली की आधी टी कोरोना, लगेच अल्फेका, दोन्हींच्या कच्च्या फिट्स फाइल वेळेच्या नोंदीसह जपा आणि वर्णपट एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संस्थेच्या संग्रहात पाठवा. तिथे हौशी निरीक्षकांचे वर्णपट घेतात, आणि बाकीचं जग दिवसाच्या उजेडात असताना भारतातून घेतलेल्या वर्णपटाची तिथे गरज असते.